साडेतीन हात आणि पत्र्यातली पोकळी

चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून तयार मोटारी देशभर पोहोचवणाऱ्या बंदिस्त ट्रेलरची, म्हणजे चालकांच्या बोलीतल्या ‘कार कॅरियर’ची, आतली उंची किती ठेवावी हा प्रश्न वरवर पाहता बॉडी बांधणाऱ्या कारागिराचा आणि मालकाच्या हिशेबाचा आहे. परंतु मालक पैसे मोजतो ते पत्र्यासाठी नव्हे, पत्र्याने वेढलेल्या रिकाम्या जागेसाठी. आणि रिकाम्या जागेला स्वतःचे माप असते की ते तिला दुसऱ्या कोणाकडून मिळते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत शतकानुशतके वादाचा विषय राहिलेला आहे.

वैशेषिक दर्शनात ‘परिमाण’ म्हणजे आकारमान हा द्रव्याचा एक गुण मानला असून अणु, महत्, ह्रस्व आणि दीर्घ असे त्याचे प्रकार सांगितले आहेत. आकाश हे मात्र एकच, नित्य आणि विभु म्हणजे सर्वव्यापी द्रव्य असल्यामुळे त्याचे परिमाण परममहत् ठरते आणि त्याचे तुकडे पडू शकत नाहीत. ही भूमिका धरली तर ‘ट्रेलरची आतली उंची’ हा शब्दप्रयोगच सैल ठरतो, कारण उंची पत्र्याला आहे, पोकळीला नाही. गौडपादांनी मांडूक्यकारिकेच्या अद्वैत प्रकरणात घटाकाशाचा, म्हणजे घागरीत कोंडल्यासारख्या भासणाऱ्या आकाशाचा दृष्टान्त वापरला, तो याच दिशेने: घागर ही केवळ उपाधी, म्हणजे वस्तूला मर्यादित भासवणारी बाह्य अट, आणि ती फुटली की आतले आकाश कुठे जात नाही, कारण ते कधी आत नव्हतेच. बौद्ध अभिधर्माने मात्र येथे एक सूक्ष्म भेद केला. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात अडथळा न करणे हेच ज्याचे स्वरूप, असे असंस्कृत म्हणजे कशापासूनही न घडलेले आकाश वेगळे आणि दार, खिडकी, तोंड यांच्या ठिकाणी दिसणारे छिद्र, म्हणजे ‘आकाशधातू’, वेगळा मानला आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ज्यांनी कोरली त्यांनी दगड काढून टाकून केवळ छिद्र घडवले, आणि तेथे जाणाऱ्याला आजही कातळापेक्षा ते छिद्रच अधिक जाणवते. ट्रेलरच्या बाबतीत उपयोगी पडणारी दृष्टी हीच आहे, कारण येथे प्रश्न अनंत आकाशाचा नसून घडवलेल्या, कोणाच्या तरी कामी येणाऱ्या आणि म्हणून चुकूही शकणाऱ्या छिद्राचा आहे.

हे छिद्र घडवताना दोन मापे आधीच हजर असतात. खालून माप येते ते मोटारीचे. चाकणलाच तयार होणाऱ्या व्हर्टससारख्या सेडान गाडीची उंची सुमारे १.५१ मीटर, तर तिथल्याच स्कॉर्पिओ-एनची सुमारे १.८६ मीटर, म्हणजे एकाच पट्ट्यातून निघणाऱ्या दोन गाड्यांत पस्तीस सेंटिमीटरचा फरक आहे आणि दोन मजल्यांचा विचार केला की तो दुप्पट होतो. शिवाय मोटार म्हणजे काही निश्चल ठोकळा नव्हे: पट्ट्यांनी चाके जखडली तरी स्प्रिंगांवर तोललेला तिचा वरचा भाग खड्ड्याखड्ड्याला उसळतो, आणि उतरत्या फळीवर तिरकी उभी केलेली गाडी सपाटीवरच्या गाडीपेक्षा अधिक उंची खाते, त्यामुळे गाडीचे छत आणि वरचा मजला यांमध्ये काही बोटे जागा मोकळी सोडावीच लागते. वरून माप येते ते रस्त्याचे. शहरी भागात पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची असावी हा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक असला तरी जुन्या रेल्वे भुयारी मार्गांपुढे आडव्या लावलेल्या लोखंडी कमानी त्याहून बऱ्याच खाली असतात, आणि वाहनाच्या एकूण उंचीला मोटार वाहन नियमांनीही मर्यादा घातलेली आहे. मालकाची सगळी गणिते या दोन मापांच्या मध्ये बसतात: उंची वाढवली तर उंच गाड्या दोन्ही मजल्यांवर मावतात, पण वारा अधिक अडतो, डिझेल अधिक जळते आणि वळणावर तोल सांभाळणे अवघड होते, ती कमी केली तर बाजारात मागणी असलेला माल दारातूनच परत जातो.

या व्यवहारात तिसरे माप मात्र कोणी मोजत नाही, आणि ते आत शिरणाऱ्या माणसाचे आहे. मोटार स्वतःहून ट्रेलरमध्ये चढत नाही. कोणीतरी ती चालवत आत नेतो, ठरलेल्या जागी थांबवतो, बाहेर पडतो, वाकून चाकांपुढे ठोकळे सरकवतो आणि पट्टे आवळतो. वाहनाची बाहेरची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे; त्यातून भिंतींची जाडी वजा केली तर १.९२ मीटर रुंदीच्या स्कॉर्पिओ-एनच्या दोन्ही अंगांना मिळून पाऊण मीटरही उरत नाही, दार पुरते उघडत नाही, आणि अनेकदा चालकाला खिडकीतून अंग काढून, छातीवर हात आवळून, पत्र्याला पाठ घासत मागच्या दारापर्यंत सरकावे लागते. गौडपादांच्याच दृष्टान्तात पुढे असे येते की एका घागरीतले आकाश धुळीने किंवा धुराने भरले म्हणून सगळ्या घागरींतले भरत नाही. तत्त्ववेत्त्याला तेवढे पुरते, कारण त्याच्या लेखी आकाशाला धूर शिवतच नाही. बंद पत्र्याच्या आत इंजिन चालू असताना साचणारा धूर मात्र तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो, आणि छत जितके खाली तितका तो लवकर दाटतो.

भारतीय मानपरंपरेची, म्हणजे मापे ठरवण्याच्या शास्त्राची, सुरुवात मात्र नेमकी देहापासून झालेली आहे. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदीची भूमिती सांगणाऱ्या ग्रंथांत, ‘पुरुष’ हे एकक १२० अंगुलांचे असून ते हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाच्या उंचीवरून घेतले जाते आणि अग्निचयनाची पहिली वेदी साडेसात वर्गपुरुष क्षेत्रफळाची असते. चरकसंहितेच्या विमानस्थानात देहाची उंची ८४ अंगुले सांगितली आहे. हात २४ अंगुलांचा धरला तर हे बरोबर साडेतीन हात होतात, आणि ‘साडेतीन हातांचा देह’ हा मराठीच्या तोंडी बसलेला शब्दप्रयोग त्याच मापाचा आहे. अंगुल सुमारे पाऊण इंचाचे मानल्यास साडेतीन हात म्हणजे जवळपास १.६ मीटर आणि हात उंचावलेला पुरुष जवळपास २.३ मीटर होतो. वरच्या फळीचे हूक चाचपणारा, छताखाली पट्टा ओवणारा क्लीनर म्हणजे शुल्बसूत्रांतला तोच हात वर केलेला माणूस आहे. दोन मीटरच्या मजल्यात तो उभा राहील, पण हात सरळ करू शकणार नाही. सेडान गाड्यांसाठी आवळलेल्या मजल्यात तर त्याचे डोके आधी छताला भिडेल.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. यज्ञातही माप घेतले जात होते ते यजमानाचे, म्हणजे ज्याला फळ मिळायचे त्याचे. विटा रचणारे आणि आहुती देणारे दुसरेच होते आणि त्यांच्या देहाची उंची कोणी विचारली नव्हती. तेव्हा ट्रेलरचा मालक आपल्या फायद्याच्या मापाने पोकळी ठरवतो यात परंपरेचा भंग नसून परंपराच आहे, असे कोणी म्हणू शकेल. या आक्षेपाला उत्तर आहे ते यज्ञशाळेत नाही, साडेतीन हातांच्या कल्पनेतच आहे. ज्याचा देह त्याच्याच हाताने मोजायचा असल्यामुळे उंच आणि ठेंगणा, यजमान आणि मजूर, दोघेही साडेतीन हातच भरतात. हे माप कोणाला लहान ठरवूच शकत नाही. देहू आणि आळंदी ज्या भागात आहेत तिथे या समतेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

चाकणच्या पश्चिमेला भामचंद्राचा डोंगर आहे, जिथे तुकोबांना साक्षात्कार झाला असे वारकरी परंपरा मानते, आणि आज त्याच्या पायथ्यापर्यंत औद्योगिक वसाहत पोहोचली आहे. वरच्या कातळातल्या गुहेत शिरताना माणूस वाकतो, आणि खाली गोदामाच्या आवारात ट्रेलरमध्ये शिरतानाही वाकतो. पाठीचा कोन दोन्हीकडे तोच असला तरी दोन कृती एक नव्हेत: गुहेत जाणाऱ्याने वाकणे स्वतः स्वीकारले होते, तर ट्रेलरची उंची ठरवली गेली आहे आणि ती ठरवताना वाकणाऱ्याला विचारलेले नाही. कमी उंचीला नम्रतेचा संस्कार म्हणून गौरवणे सोपे आहे, पण दिवसातून आठ-दहा गाड्या चढवणाऱ्याच्या कमरेवर तो संस्कार लादणे अन्याय्य आहे.

रेल्वेने निवृत्त प्रवासी डब्यांचे मोटारवाहू डबे केले तेव्हा उलट प्रकार घडला. ते डबे उभ्या माणसांच्या मापाने बांधलेले असल्यामुळे आत ठेवलेल्या लहान मोटारीच्या डोक्यावर हातभर आणि त्याहून अधिक हवा रिकामी प्रवास करी, आणि ही उधळपट्टी टाळण्यासाठी पुढे दुमजली वाघिणी आल्या. माणसाचे माप धरले की माल कमी जातो, हे खरेच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही कॅरियरांत वरचा मजला खुंट्यांच्या भोकांवर वरखाली करता येतो. गाड्या भरताना तो उंच घेऊन माणसाला उभे राहू द्यावे आणि पट्टे बांधून झाल्यावर खाली आणावा, हे शक्य असते, फक्त त्याला प्रत्येक वेळी काही मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांचे मोल कोणी द्यायचे यावर गोष्ट अडते.

माल उतरवून कॅरियर रिकामा परततो आणि चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला पुढच्या फेरीची वाट पाहत उभा राहतो, तेव्हा त्या पोकळीत मोटार नसते. पावसाळ्यात मागचे दार अर्धवट उघडे ठेवून चालक आणि क्लीनर आत स्टोव्ह पेटवतात, पट्ट्यांच्या हुकांना ओले कपडे अडकवतात आणि चाकांच्या खाचांमध्ये सतरंजी पसरतात. वरचा मजला शेवटच्या फेरीच्या गाड्यांसाठी जिथे आवळला होता तिथेच असतो, आणि भात शिजेपर्यंत दोघेही त्याच्याखाली मान खाली घालून बसलेले असतात.