आत घेणं आणि ऐकून घेणं

माझ्या आज्जीला उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्या कानात ती एकाच कानाचा जुना इअरफोन घालते. आजोबांच्या ट्रान्झिस्टरबरोबर आलेला. मोबाइल नवा, इअरफोन तोच. पिन बसते, आवाज येतो, मग बदलायचं कशाला?

गेल्या दिवाळीत लातूरला घरी गेलो, तेव्हा ती मोबाइलवर एका शेतकऱ्याची मुलाखत ऐकत बसली होती. मधेच मला म्हणाली, "ह्यो बाबा कुनी इचारंना-पुसंना तरी एकटाच बोलायलाय की रे."

मी पिन काढली आणि स्पीकरवर ऐकलं. प्रश्न विचारणारा माणूस होता. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं दोघांना दोन माइक लावले होते आणि आवाज तसेच वेगळे ठेवून दिले होते. शेतकरी फक्त डावीकडे, विचारणारा फक्त उजवीकडे. आज्जीपर्यंत उत्तरं पोचत होती, प्रश्न नाही. किती महिने ती असं अर्धंच ऐकत होती कोण जाणे. फोननं तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

यात मला लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की हेच माझं काम आहे. मी पुण्यात एका कंपनीत ऑडिओचं फर्मवेअर लिहितो. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये कुणी काही घातलं की ते नक्की काय आहे हे ओळखायचं, हा माझा कोड. आज्जीच्या फडताळात तसाच अजून एक इअरफोन पडला होता. तो घेऊन आलो आणि सोमवारी आमच्या टेस्ट बोर्डला लावला. स्क्रीनवर ओळ उमटली: अवैध ॲक्सेसरी. आणि आवाज बोर्डच्या स्पीकरमधून सुरू झाला, जणू काही लावलेलंच नाही.

आज्जीचा फोन निदान अर्धं तरी ऐकवत होता. माझ्या कोडनं तिला दारातूनच परत पाठवलं.

*

थोडं त्या भोकाच्या आत डोकावू. त्यात तीन पिढ्या एकाच दारानं येतात.

सगळ्यात जुनी पिन दोन भागांची. टोकातून आवाज जातो, बुडाच्या भागातून परत येतो. हिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधले. तिथल्या ऑपरेटर जाड पिना या भोकातून त्या भोकात घालून लोकांचे फोन जोडत. ती जाड, सव्वासहा मिलिमीटरच्या आसपासची पिन गिटारला आजही लागते. तिची छोटी आवृत्ती ट्रान्झिस्टरला आली. मग स्टिरिओ आला, 1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि मध्ये एक कडं घातलेली तीन भागांची पिन घरोघरी गेली. टोक डाव्या कानाचं, कडं उजव्या कानाचं. मोबाइल आल्यावर माइकसाठी अजून एक कडं घालून चार भाग झाले.

बाहेरून तिघी सारख्याच दिसतात, म्हणून तिन्ही आत जातात. पण आज्जीची दोन भागांची पिन आत गेली की उजव्या कानाची पत्ती थेट पिनेच्या बुडाला टेकते, म्हणजे शॉर्ट होते. उजवीकडचा सगळा आवाज तिथंच संपतो.

चार भागांच्या पिनेत तर आणखी घोळ आहे. शेवटच्या दोन भागांपैकी माइक कुठला आणि ग्राउंड कुठला, याचे दोन प्रघात पडले, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोन्हीत क्रम उलटा. एका प्रघाताचा हेडसेट दुसऱ्या प्रघाताच्या फोनला लावा. पिन व्यवस्थित बसते, गाणंही सुरू होतं. फक्त गाणारी बाई गायब! तबला, व्हायोलिन, सगळं पोकळ, विहिरीतून आल्यासारखं. कारण आवाजाचा परतीचा रस्ता तुटलेला असतो. दोन्ही कानांचे स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यात जो फरक असतो तेवढाच ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. फरक शून्य, म्हणून आवाजही शून्य. अशा वेळी वायरवरचं माइकचं बटण दाबून धरलं की गाणारी बाई परत येते. बटणामुळे तुटलेला रस्ता तात्पुरता जुळतो. आमच्या हॉस्टेलमध्ये एक जण असं बटण दाबून, अंगठा दुखेपर्यंत गाणी ऐकायचा.

मला हे नेहमी विलक्षण वाटतं. आत प्रवेश आहे, जागा आहे, वरवर सगळं सुरळीत आहे. फक्त मधला आवाज नाही.

*

यावर आमच्या धंद्यातला उपाय म्हणजे विचारणं. पिन आत आली की चिप अगदी बारीक करंट सोडते आणि किती अडथळा होतो ते मोजते. साधे इअरफोन सोळा किंवा बत्तीस ओहमचे. स्टुडिओतले काही हेडफोन अडीचशे, सहाशे ओहमचे. अॅम्प्लिफायरला जोडलेली वायर असेल तर हजारो ओहम. शेवटच्या दोन भागांपैकी माइक कुठला तेही तपासता येतं, आणि क्रम उलटा असेल तर चिप आतल्या आत स्वतःचं कनेक्शन फिरवून घेते. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एका सेकंदाच्या आत "कोण तू?" हा प्रश्न विचारून होतो.

आता हाच प्रश्न मी दुसरीकडेही ऐकलाय.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी आणि कॉलेजचा एक मित्र फ्लॅट शोधत होतो. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं. मालकांनी चहा दिला आणि सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी माझं सांगितलं. त्यानं त्याचं सांगितलं. संध्याकाळी एजंटचा मला एकट्याला फोन आला: तुम्ही एकटे असाल तर बघू. मी तो फ्लॅट घेतला नाही. पण मित्राला खरं कारणही सांगितलं नाही. मालकांचे नातेवाईक येणार आहेत म्हणे, असं काहीतरी बोललो. त्यानं मान हलवली. त्याला कळलं होतं हे मला कळलं होतं. विषय संपला.

या प्रसंगातून मी एक सोपा धडा काढला होता: विचारूच नये. माणूस म्हणजे माणूस. पुढची चार वर्षं आम्ही एकत्र राहिलो आणि मी त्याला घरचं, गावचं, जातीचं कधी काही विचारलं नाही. याचा मला थोडा अभिमानही होता. एकदा रात्री बोलता बोलता तो म्हणाला, "तू कधीच काही विचारलं नाहीस. आधी बरं वाटायचं. नंतर वाटायला लागलं, तुला ऐकायचंच नाहीये."

मी गप्प बसलो. त्याच्या आयुष्यातलं जे माझ्यासारखंच होतं तेवढं मी चार वर्षं ऐकलं होतं. क्रिकेट, ऑफिस, सिनेमे. मधला आवाज नव्हता, आणि मला वाटत होतं गाणं असंच आहे.

*

फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा यांनी आतिथ्याबद्दल लिहिताना हाच पेच मांडलाय. खरं, बिनशर्त आतिथ्य पाहुण्याला नावही विचारणार नाही. पण प्रत्यक्षातलं कुठलंही घर अटींशिवाय चालत नाही. या दोन्हींत ओढाताण कायम राहणार.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे या वादाची स्वतःची आवृत्ती आहे. इंटरनेटच्या पायाभरणीतले जॉन पोस्टेल यांनी 1980 मध्ये एक नियम घातला. त्याचा आशय असा की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार. कित्येक वर्षं आम्ही हे सुभाषितासारखं घोकलं. पुढे त्याची दुसरी बाजू दिसली. 2023 मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या मंडळींतूनच एक दस्तऐवज निघाला. त्यातला मुद्दा असा की चुकीचं काहीही निमूट स्वीकारत गेलं की चुका दुरुस्त होत नाहीत, त्या मुरतात, आणि मग त्यांनाच मानक मानावं लागतं.

घरातलं उदाहरण म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डवरचं ते 'युनिव्हर्सल' सॉकेट. चपटी पिन, गोल पिन, परदेशातून आलेला चार्जर, सगळं आत जातं. पण युरोपातल्या काही प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असतं, आणि या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसतं. उपकरण चालू होतं, अर्थिंग मात्र जोडलेलं नसतं. कळतं ते शॉक बसल्यावर. आणि आपण सगळ्यांनी केलेला उद्योग आठवा. दोन पिनांचा चार्जर जात नाही म्हणून वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडायची. ती झडप सुरक्षेसाठी असते.

म्हणजे भोक मोठं करणं हे उत्तर नाही. दार बंद करणं हेही नाही.

*

मला पटणारं उत्तर एका वस्तूत सापडलं. घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी ती पाहिली असेल: ऑडिओ इंटरफेसवरचा कॉम्बो जॅक. माइकची तीन पिनांची गोल, जाड एक्सएलआर पिन त्यात जाते. गिटारची जाड पिनही त्याच्याच मधोमध जाते. दोन सॉकेटची जागा एकात. पण आत दोघांचे रस्ते वेगळे. माइकचा सिग्नल अगदी क्षीण, तो जास्त वाढवावा लागतो. काही माइकना 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती फक्त एक्सएलआरच्या पिनांवर जाते. गिटारला वेगळी वागणूक. दोघांना एकसारखं वागवलं तर एकाचा आवाज फाटेल, नाहीतर दुसऱ्याचा ऐकूच येणार नाही.

दार एक, आतली सोय ज्याची त्याला. इथेही "कोण तू?" हा प्रश्न आहे, पण तो आत घेतल्यानंतर येतो. आणि उत्तर मिळाल्यावर बदलतं ते सॉकेट, पाहुणा नाही. घरमालकाच्या आणि चिपच्या प्रश्नात शब्दांचा फरक नव्हताच. उत्तर ऐकून कोण बदलणार, हा फरक होता.

हे फुकट होत नाही. ग्राउंड आणि माइक अदलाबदल करणारा स्विच बसवला की परतीच्या रस्त्यात थोडा अडथळा वाढतो आणि डाव्या कानाचा आवाज किंचित उजव्यात झिरपतो. सगळ्यांसाठी, थोडासा. जागा लागते, पैसे लागतात. म्हणूनच कंपन्यांना उलटा मार्ग सोपा वाटतो. 2016 मध्ये आयफोन 7 मधून जॅकच गेला. सुरुवातीला डब्यात अडॅप्टर मिळायचा, 2018 पासून तोही बंद. जुळवून घेण्याचं ओझं पाहुण्याच्या खिशात गेलं.

ते ओझं मला ओळखीचं आहे. ऑफिसात मी "जेवतोय" म्हणतो, आईच्या फोनवर "जेवायलोय". पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसलं, तेव्हापासून अडॅप्टर लावून फिरतो. माझा हलका आहे. माझ्या मित्राचा किती जड असेल, हे मी विचारलं नव्हतं.

*

आज्जीच्या इअरफोनसाठी मी कोडमध्ये बदल केला. उजवी बाजू शॉर्ट दिसली तर 'अवैध' म्हणायचं नाही. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र करून डावीकडे पाठवायचे आणि उजवीकडचा अॅम्प्लिफायर बंद ठेवायचा. फार मोठं काम नव्हतं. आमच्या लीडनं पाहिलं आणि रास्त प्रश्न विचारला, "असे किती लोक असतील?" माझ्याकडे आकडा नव्हता. खरंच बिघडलेला, शॉर्ट झालेला इअरफोन आणि मोनो इअरफोन यांत गफलत झाली तर, हाही त्याचा मुद्दा बरोबर होता. बदल अजून मंजूर झालेला नाही. मी चाचण्या वाढवतोय.

मित्राला फोन केला. त्या फ्लॅटचं खरं कारण सांगितलं, इतक्या वर्षांनी. तो म्हणाला, "माहीत होतं." मग मी विचारलं. तो बराच वेळ बोलला. सगळं इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

आणि आज्जीच्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या आत, चार पायऱ्या खाली, 'मोनो ऑडिओ' नावाचं एक बटण आहे. भावाला फोनवर सांगून ते चालू करवलं. तुमच्या घरी कुणी एका कानानं ऐकत असेल तर आज शोधून ठेवा.

दुसऱ्या दिवशी आज्जी म्हणाली, "आता दोघं बोलायलेत बघ."