पाती बदलली, यंत्र तेच?

ट्रॅक्टरमागच्या गवत कापणी यंत्रात आधी झिजतात ती पाती. नाशिकच्या द्राक्षबागांत ओळींमधले गवत कापताना ती दगडावर आपटतात, बोथट होतात. तपासणीपूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि यंत्राला खालून भक्कम टेकू द्यावा. तडा गेलेले पाते पुन्हा वापरू नये. नवे बसवताना समोरासमोरची पाती एकदमच बदलावीत. नाहीतर तोल बिघडून यंत्र थरथरते आणि बेअरिंग जाते. पुढे ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणाऱ्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस, ऑइल सील, कधी गिअरबॉक्सही बदलतो. तरी खंडेनवमीला हळदकुंकू वाहिले जाते ते ‘जुन्याच’ यंत्राला.

यंत्र तेच, हे म्हणणे खरे, की नुसते सोयीचे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारतो: चाक, आस, दांडी यांपैकी रथ कोणता? ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव, असा त्याचा निष्कर्ष.

नाशिकला या वादाची दुसरी बाजूही लाभली आहे. त्रिरश्मी डोंगरावरचे तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने दुसऱ्या शतकात भद्रयानीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिले. हा पंथ पुद्गलवादी होता. त्याच्या मते व्यक्ती म्हणजे तिचे घटक नव्हेत, पण घटकांवाचून ती वेगळी दाखवताही येत नाही. जाळ आणि सरपण यांचे नाते तसेच. इतर बौद्ध पंथांनी हे मत खोडून काढले. यंत्रापुरते नागसेनाचे उत्तर पुरते. माणसाबाबत भद्रयानीयांची अडचण अधिक प्रामाणिक वाटते. बलश्रीचा दानलेख त्या लेण्याच्या ओसरीत आजही आहे.