नाव खरवडलेली चिप

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली बरीचशी सळई इंडक्शन भट्टीतून जन्माला येते. पन्नास हर्ट्झची वीज आधी डीसी होते, मग थायरिस्टर तिला काही शे हर्ट्झच्या लयीवर नाचवतात आणि कॉइलमधलं भंगार वितळू लागतं. कोणता थायरिस्टर नेमका कोणत्या क्षणी पेटवायचा, हे ठरवतं एक कंट्रोल कार्ड. ते बिघडलं की भट्टी थंडावते आणि कार्ड दुरुस्तीच्या टेबलावर येतं. कारागीर भिंग लावून पाहतो, तर ऐन मोक्याच्या चिपचा माथा घासून गुळगुळीत केलेला. कुणी नक्कल करू नये म्हणून बनवणाऱ्यानेच नंबर खरवडून टाकलेला असतो.

आता ही चिप ओळखायची कशी? प्रश्न दुरुस्तीचा आहे, पण तो फार जुनाही आहे. एखादी वस्तू ‘कळली’ असं केव्हा म्हणायचं? तिचं नाव सापडल्यावर, की तिचं काम उमगल्यावर? गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग सांगितले: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हे चारही मार्ग एकाच टेबलावर कामाला लागलेले पाहायचे असतील, तर अशा कार्डाजवळ बसावं.

प्रत्यक्षातून एवढंच कळतं, की चिपला चौदा पिना आहेत. पुढचं काम अनुमानाचं. वीज बंद करून मल्टीमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक आधी कार्डाच्या ग्राउंडला, मग पुरवठ्याला आणि दुसरं एकेका पिनेला. सातवी पिन ग्राउंडला आणि चौदावी पुरवठ्याला जोडलेली निघाली, तर बहुधा ४०११सारखी लॉजिक चिप. पुरवठा तिसऱ्या पिनेवर आणि ग्राउंड बाराव्यावर असेल, तर एलएम ३३९ हा कंपॅरेटर. चौथीवर पुरवठा, अकरावीवर ग्राउंड आणि पहिल्या पिनेपासून दुसऱ्या पिनेकडे वळून आलेला रेझिस्टर दिसला, तर चार ऑप-अँपची चिप. चिपच्या अंगावर एक अक्षर नाही, तरी आजूबाजूची जोडणी तिच्याविषयी बोलते.

पण इथे घाई नडते. चौथी-अकरावी जोडी पाहून ‘ही एलएम ३२४च’ असं म्हणणं, याला नैयायिक, म्हणजे न्यायमताचे पंडित, सव्यभिचार हेतू म्हणतील. खूण खरी, पण ती दुसऱ्या ठिकाणीही आढळते. टीएल ०७४ची पिनरचना तंतोतंत हीच आहे. फरक आहे तो स्वभावात: एलएम ३२४ आपल्या इनपुटवरचा अगदी ग्राउंडपर्यंतचा सिग्नल नीट हाताळते, टीएल ०७४ला तिथवर जाता येत नाही. एकेरी पुरवठ्याच्या कार्डात ग्राउंडजवळचा सिग्नल मोजायचा असेल, तर दुसरी चिप बरोबर बसेल आणि चुकीचं वागेल. जाती ओळखली, व्यक्ती ओळखायची राहिली.

उपमानाचं न्यायशास्त्रातलं उदाहरण गव्याचं आहे. गवा गायीसारखा असतो, एवढं नगरातल्या माणसाने ऐकलेलं असतं. पुढे रानात तसा प्राणी दिसतो आणि ‘हाच तो गवा’ हे त्याला उमजतं. कारागीर डेटाशीट उघडून पिनांचा नकाशा समोरच्या जोडणीशी ताडतो, तेव्हा हेच घडतं. नाव आणि वस्तू यांची गाठ तिथे पहिल्यांदा पडते.

उरला शब्द. न्यायमतात आप्ताचं, म्हणजे भरवशाच्या जाणत्याचं, वचन प्रमाण असतं. मग चिपवरचा छापील नंबर आप्त मानायचा का? तीन पायांच्या बारक्या एसएमडी भागांवर दोन-तीन अक्षरांचाच कोड मावतो आणि एकच कोड वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या भागांना देतात. ‘१ए’ हा कोड बीसी ८४६ए या ट्रान्झिस्टरवर असतो आणि आयआरएलएमएल २४०२ या मॉसफेटवरही. शिवाय बाजारात जुन्या चिपा घासून, रंगवून, महागडा नंबर छापून विकल्या जातात. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर काही वेळा वरचा रंगच निघून येतो. कोऱ्या चिपेपेक्षा ही खोटं बोलणारी चिप जास्त घातक, कारण कोरी चिप निदान शोध घ्यायला लावते.

मग खात्री कुठे पटते? मीमांसा दर्शनाचे पंडित म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिकांचं म्हणणं वेगळं: ज्ञानाबरहुकूम केलेली कृती सफळ झाली, म्हणजे ते ज्ञान खरं. टेबलावर दोघांचीही गरज पडते. मल्टीमीटरवर आधी विश्वास ठेवला नाही, तर मल्टीमीटर तपासायला दुसरा आणि त्याला तिसरा, असं कधी संपणारच नाही. पण चिपबाबतचा निवाडा नैयायिकांच्याच बाजूने जातो. नवी चिप बसवून कारागीर कार्डाला सिरीज बल्बमधून वीज देतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो मंदावला, तर गेटचे पल्स ऑसिलोस्कोपवर पाहायचे आणि ते वेळेवर आले तरच कार्ड भट्टीवर चढवायचं. जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगी तालुक्यात जांब इथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात प्रचीतीविना केलेल्या बोलण्याला थारा दिलेला नाही. त्यांचा विषय अध्यात्माचा होता. पण प्रचीतीचा तो आग्रह या टेबलावर जसाच्या तसा लागू पडतो.

या सगळ्या मार्गांना एक जागा मात्र अडवते: मायक्रोकंट्रोलर. समजा, त्याचा नंबर स्पष्ट आहे, डेटाशीट हाती आहे, त्याच कंपनीची नवी कोरी चिप विकत आणून बसवली. कार्ड तरीही हूं की चूं करत नाही. नाव तेच, रूप तेच, पिना त्याच; फक्त आत लिहिलेला प्रोग्राम नाही. तो सहसा कुलूपबंद असतो, बाहेरून वाचता येत नाही. पिनांवरून आतल्या प्रोग्रामचा अंदाज बांधता येतो, तो प्रोग्राम मिळवता येत नाही. नाम-रूपापलीकडे वस्तूत आणखी काही असतं का, या प्रश्नावर भारतीय दर्शनं शतकानुशतकं भांडली आहेत. इथे उत्तर ‘हो’ असं आहे. तसंच दुसरं चालू कार्ड मिळालं आणि त्याच्या चिपला कुलूप नसलं, तर प्रोग्राम उतरवून घेता येतो. नाहीतर बनवणाऱ्याकडूनच तो भरलेली चिप मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत भट्टी बंद.