दुरुस्त केलेली नाव कोणाची?

भोर शहराजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे पाणी तळाशी जाते आणि एरवी जलाशयात दडलेली भूमी उघडी पडते. कांबरे गावाजवळचे महादेवाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते, त्याच्या दर्शनाला लोक लोटतात. मग मृग बरसतो, पाणी चढू लागते आणि सारे पुन्हा पाण्याच्या स्वाधीन होते.

पाणी असे ओसरले आणि दोन हजार वर्षे झाकलेली एक वस्तू उघडी पडली, असे गालीलमध्येही एकदा घडले. १९८६ च्या जानेवारीत, अवर्षणामुळे गालीलच्या सरोवराची पातळी फार खाली गेली असताना, गिनोसार येथील दोन मच्छीमार भावांना काठच्या चिखलात लाकडाची एक लंबगोल कड दिसली. उकरून पाहता ती नाव निघाली. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरांहून थोडी अधिक. तज्ज्ञांनी तिचा काळ ख्रिस्तजन्माच्या आगेमागेचा, म्हणजे इसवी सनापूर्वीचे पहिले ते इसवी सनाचे पहिले शतक असा ठरवला. ती प्रभू येशूची किंवा पेत्राची नाव होती असे म्हणायला काडीचाही आधार नाही, आणि यात्रेकरूंना तसे सुचवून पैसे मिळवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभूच्या काळी त्या सरोवरावर जशा नावा चालत, तशी ही एक. तेवढे पुरेसे आहे.

मला मोह पडतो तो तिच्या लाकडांचा. ह्या एका नावेत बारा प्रकारची लाकडे सापडली. फळ्या बहुतेक देवदाराच्या, फासळ्या ओकच्या. पण त्यांच्या जोडीला बोरीच्या जातीचे लाकूड आहे, अंजिराच्या कुळातले आहे, विलोचे आहे. कोणताही शहाणा सुतार नवी नाव बांधताना असली सरमिसळ करणार नाही. काही तुकडे तर आधीच्या दुसऱ्या नावांतून काढलेले होते. म्हणजे एखाद्या गरीब कोळ्याने, किंवा कोळ्यांच्या दोनतीन पिढ्यांनी, जे हाताशी आले त्याने ती पुनःपुन्हा सांधली. एक फळी कुजली, दुसरी बसवली. खुंट्या ठोकल्या, फटी बुजवल्या, पुन्हा शीड उभारले. तिला शीड होते हे डोलकाठीचा ठोकळा जिथे बसवला होता तिथल्या खिळ्यांच्या भोकांवरून कळते.

पण तो ठोकळा जागेवर नव्हता. नावेचे पुढचे व मागचे मुख्य लाकूडही नव्हते. नावांच्या बांधणीचा अभ्यास करणाऱ्यांनी अर्थ लावला तो असा: नाव दुरुस्तीपलीकडे गेली तेव्हा मालकाने दुसऱ्या नावेला उपयोगी पडेल ते सारे काळजीपूर्वक काढून घेतले आणि उरलेला सांगाडा पाण्यात ढकलून दिला. ज्या हातांनी तिला इतकी वर्षे जपले, त्याच हातांनी तिला सोडले.

जुन्या ग्रीकांत थिसियसच्या जहाजाचे कोडे प्रसिद्ध होते. एकेक फळी बदलत सगळ्याच बदलल्या, तर जहाज तेच राहिले का? प्लुटार्कने ते नोंदवले आणि तत्त्वज्ञ आजवर त्यावर वाद घालत आहेत. घालोत बापडे. मला त्याहून जवळचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे: जो फळ्या बदलतो, जहाज त्याचे होते का? श्रमाने मालकी येते का?

कायदा काही म्हणो, मन मात्र ‘होय’ म्हणते. विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा दुरुस्त केलेली वस्तू अधिक आपली वाटते, कारण तिच्यात आपला वेळ आणि आपला घाम मुरलेला असतो. वसईच्या किनाऱ्यावर जुनी नाव मोडीत काढताना गप्प उभा राहिलेला म्हातारा कोळी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात याकोब आणि योहान ह्यांचे पाचारण आहे. प्रभूने हाक मारली तेव्हा ते दोघे नावेत बसून जाळी नीट करीत होते. लगेच पुढच्या वचनात ते बाप जब्दी, नाव आणि चाकरमाणसे सोडून निघतात. जाळी नीट करणे आणि जाळी सोडणे एवढे शेजारी शेजारी आहे. आपण प्रवचनात दुसऱ्या भागावर भर देतो आणि पहिला केवळ तपशील समजून ओलांडतो. पण त्या ‘नीट करणे’ ह्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ‘कातार्तिझो’, तेच संत पौलाने गलतीकरांस लिहिताना सहाव्या अध्यायाच्या आरंभी वापरले आहे. एखादा माणूस अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा नीट करा, असे तिथे सांगितले आहे. फाटके जाळे सांधायचे आणि पडलेला माणूस उभा करायचा, ह्या दोन्हींना एकच शब्द.

जाळे पुन्हा पाण्यात टाकता यावे म्हणून सांधायचे असते. माणसाच्या बाबतीत हे आपण विसरतो. आपल्या धर्मग्रामांत असे किती दाखले असतील! दारूच्या आहारी गेलेल्या एखाद्या तरुणाला कुणी हात देतो. रात्री जागवतो, कर्ज फेडतो, कामाला लावतो. तरुण सुधारतो. आणि मग सुरू होते ती सूक्ष्म मालकी: ‘मी नसतो तर हा आज कुठे असता?’ लग्नात, सणात, सोसायटीच्या सभेत ते वाक्य कधी उघड, कधी हसत हसत म्हटले जाते. त्या बिचाऱ्याला आता आयुष्यभर सुधारलेला म्हणूनच जगायचे असते, नुसता माणूस म्हणून कधीच नाही. दारूतून तो सुटला, पण उपकारातून सुटका नाही. मला वाटते हे काम अर्धेच झाले; फळी बसवली, पण नाव पाण्यात लोटलीच नाही.

आईबापांचेही हेच. एकुलता मुलगा सेमिनरीत जातो म्हणाला, किंवा मुलीने आपल्या पसंतीची दूरची नोकरी धरली, की ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केले’ ह्याचा हिशेब घरात निघतो. केलेले खरे असते, म्हणूनच तो हिशेब इतका बोचतो. संत इग्नेशियसने आसक्तीपासून मुक्त होण्याची जी साधना शिकवली, तिचा रोख निव्वळ धनदौलतीवर नाही. आपण केलेल्या चांगल्या कामाची आसक्ती ही फार चिवट असते. ती पापासारखी दिसत नाही, म्हणून कन्फेशनमध्येही तिचा उच्चार होत नाही.

इथे मात्र सावध राहायला हवे. सोडण्याचे गुणगान सोपे असते, विशेषतः दुसऱ्याने सोडायचे असते तेव्हा. भोर आणि वेल्ह्याचा मुलूख ह्याला साक्षी आहे. भाटघरच्या पाण्यावर नीरेचे कालवे वाहतात आणि खाली बारामती, फलटणकडे ऊस पिकतो. वेल्ह्यातल्या पानशेत आणि वरसगावच्या धरणांचे पाणी पुण्याच्या नळांना येते. ज्यांच्या शेतांवर हे पाणी उभे राहिले, त्यांनी आपली जमीन ‘सोडली’ असे म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. ती सुटली, त्यांच्या हातून घेतली गेली. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला तो ह्याच भेदासाठी. त्यागाला संमती लागते. हिरावून घेतलेल्याला त्यागाचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ, मग तो उपदेश वेदीवरून होत असला तरी.

हा भेद राजगडावर उभे राहिले की इतिहासातच दिसतो. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. ते नाइलाजाने दिले होते. म्हणून १६७० मध्ये महाराजांनी ते परत घेण्यास सुरुवात केली, आणि त्यात सिंहगड व पुरंदर दोन्ही आले. राजगडाची गोष्ट निराळी. मुरुंबदेवाच्या डोंगरावर त्यांनी स्वतः उभारलेला, सुमारे पंचवीस वर्षे राजधानी असलेला हा गड त्या तहातही हातचा गेला नव्हता. रायगड अधिक सोयीचा ठरला तेव्हा राजधानी तिकडे नेली, कुणी भाग पाडले म्हणून नव्हे. आज संजीवनी माचीची तटबंदी पाहताना वाटते, इतक्या मेहनतीने घडवलेल्या जागेवरून राजधानी उठवणे मनाला सोपे गेले नसेल.

याकोब आणि योहान ह्यांना कुणी भाग पाडले नाही. पण जब्दीला कुणी विचारले होते का? हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. दोन मुलगे गेले, अर्धवट सांधलेली जाळी तशीच राहिली. मार्कने चाकरमाणसांचा उल्लेख केला आहे, म्हणजे धंदा अगदीच बुडाला नसावा. जब्दीने मुलांना हाका मारल्या, त्यांना अडवले, असे कुठेही लिहिलेले नाही. बहुधा त्याने जाळे उचलले असेल आणि जिथे मुलांचा हात थांबला होता तिथून पुढे गाठ मारायला घेतली असेल.

गिनोसारच्या नावेचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. दिवसरात्र खपून दहाबारा दिवसांत ती चिखलातून मोकळी केली. लाकूड इतके मऊ झाले होते की बोट लावले तर रुतावे. तिच्याभोवती फेसाळ रसायनाचे कवच चढवले आणि उचलून नेणे शक्य नसल्यामुळे ती पाण्यातूनच नेली. दोन हजार वर्षांनी ती त्याच सरोवरावर पुन्हा तरंगली, थोड्याच अंतरासाठी. नंतर सात वर्षे ती मेणासारख्या द्रावणात भिजत ठेवली, आणि २००० सालापासून काठावरच्या संग्रहालयात लोखंडी आधारांवर उभी आहे. आता तिला पाणी लागू देत नाहीत.