त्याग कोणाचा?



रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांचे नाव आपण ऐकलेले असते. प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन हाच जगण्याचा नियम, असे त्यांनी उत्तरायुष्यात मांडले. १९१० साली दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या वसाहतीला त्यांचेच नाव देण्यात आले. त्यांच्या पत्नी सोफिया मात्र आपल्याला फारशा ठाऊक नसतात.

१८६२ साली लग्न झाले तेव्हा सोफिया १८ वर्षांच्या होत्या, टॉलस्टॉय ३४ वर्षांचे. त्यांना १३ मुले झाली. त्यांपैकी ५ बालपणीच दगावली. दिवसभर घर आणि मुले. रात्री सारे झोपले की पतीचा खाडाखोडीने भरलेला मजकूर त्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढीत. ‘युद्ध आणि शांती’ ही प्रचंड कादंबरी अशीच त्यांच्या हातून गेली. पुढे पुस्तकांचे प्रकाशनही त्यांनीच सांभाळले.

मग टॉलस्टॉय यांना खासगी मालमत्ता पाप वाटू लागली. १८८१ नंतर लिहिलेल्या पुस्तकांवरील हक्क त्यांनी १८९१ साली सोडून दिले. विचार उदात्त होता. पण घरखर्चाची आणि मुलाबाळांची काळजी सोफियांच्याच माथी राहिली. एकाने त्याग करायचा आणि त्याचा भार दुसऱ्याने वाहायचा, तर तो त्याग नेमका कोणाचा?

सोफिया काही संत नव्हत्या. त्या संशयी होत्या, भांडणेही विकोपाला जात. १९१० साली ८२ वर्षांचे टॉलस्टॉय रात्रीच घर सोडून गेले आणि वाटेत अस्तापोवो स्टेशनवर आजारी पडले. सोफिया धावत तेथे पोहोचल्या, पण पतीची शुद्ध हरपेपर्यंत त्यांना खोलीत येऊ दिले नाही. अवघ्या मानवजातीवर प्रीती करा, असे सांगणाऱ्या माणसाच्या दाराबाहेर त्याचीच पत्नी उभी होती.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात, प्रीतीलाही क्रम असतो. जो आपल्या सर्वांत जवळ, त्याचे ऋण आधी. दूरच्या शेजाऱ्यावर प्रेम करणे तसे सोपे असते. तो आपल्या घरात राहत नाही.

आपण चर्चच्या कामाला, सभांना, समाजसेवेला वेळ देतो. ते चांगलेच आहे. पण तो वेळ आपल्याला कोणी दिला? मागे राहून चूल, मुले, म्हातारी माणसे कोणी सांभाळली? आम्हा धर्मगुरूंनाही हा प्रश्न चुकत नाही. आम्ही घर सोडले तेव्हा आईवडिलांचे दुखणेखुपणे कोणा भावाने, कोणा बहिणीने काढले. लोकांनी हार मात्र आमच्याच गळ्यात घातले.

आज मिस्सावरून घरी गेल्यावर त्या माणसाचे आभार तर मानूयाच. पण त्याच्या खांद्यावरचे थोडे ओझे आपल्याही खांद्यावर घेऊया.