१८ ते २००, दिवे घाटात

ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघाली आहे. दिवे घाटात एखाद्या वळणावर, दिंड्यांच्या वाटेत येणार नाही अशा बेताने, डोंगर पाठीशी घेऊन उभे राहा. खाली वडकीच्या बाजूला मस्तानी तलाव, वर पावसाळी आभाळ, मधल्या रस्त्यावर भगव्या पताका. कॅमेरा गळ्यातच असू द्या. आधी टाळांचा आवाज कानात भरू दे.

तुमच्यापाशी एकच लेन्स आहे, १८-२०० मिमीची. इथे तीच बरी. इतक्या माणसांत, धुळीत, मध्येच येणाऱ्या सरीत लेन्स बदलायला गेलात तर सेन्सरवर धूळ बसणार, आणि तेवढ्यात दिंडी पुढे गेलेली असणार. एका लेन्समध्ये सगळं मावावं ही ओढ जुनी आहे. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी फोइग्टलेंडरची झूमार १९५९ मध्ये आली, ती ३६ ते ८२ मिमीची. टॅमरॉनची २८-२०० आली १९९२ मध्ये, निकॉनची १८-२०० आली २००५ मध्ये. आता १८-४०० सुद्धा मिळते. आपल्याला आज २०० पुष्कळ आहेत.

आता कॅमेरा डोळ्याला लावा. झूम रिंग १८ वर. रस्ता तुमच्यापासून २० मीटरवर आहे असं धरा. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या अंतरावर सुमारे २६ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. विणेकरी, पखवाज, तुळस घेतलेल्या बाया, पाण्याचा टँकर, बंदोबस्तावरचा पोलीस, मोबाइल उंच धरलेली मुलं, सगळे आहेत. बटण दाबू नका. नजर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नेऊन आणा. तुमचे पाय इथे कशासाठी थांबले, ते या पट्ट्यात कुठे आहे?

ते सापडलं की रिंग फिरवायला लागा. अगदी हळू. ३५ पाशी आभाळ निम्मं गेलेलं असेल. ५० वर टँकर सुटला. ८० वर पोलीस नाही. प्रत्येक वेळी काय बाहेर गेलं ते मनात नोंदवा. घाईने फिरवलेल्या रिंगेत हे कळतच नाही. २०० वर आलात की त्याच २० मीटरवर जेमतेम सव्वादोन मीटर उरतात. दोघी-तिघी बाया, कमरेपासून वर. डोक्यावर तुळस, कपाळी बुक्का, अभंगाबरोबर हलणारे ओठ.

इथे उजेडही आटतो. १८ ला ॲपर्चर एफ ३.५ पर्यंत उघडतं. अशा बऱ्याच लेन्सना २०० ला किंवा त्याच्या आसपास एफ ६.३ वर समाधान मानावं लागतं, म्हणजे उजेड तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी. शिवाय शटर सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतकं तरी जलद हवं. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सावरतं, तुळस घेतलेल्या बाईचं पाऊल थांबवत नाही. आयएसओ वाढवा. कोपरं छातीशी घ्या. श्वास सोडा, आणि सोडलेल्या श्वासात थोडं थांबा.

या थांबण्यात जरा जास्त वेळ राहू या. ती तुमच्या डोळ्याजवळ आली आहे. तिच्या लेखी तुम्ही २० मीटरवरच आहात. तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही. मला या लेन्सचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं, आणि सगळ्यात मोठी जबाबदारीही हीच. अभंगात गुंगलेल्या माणसाला न ढळवता पाहता येणं, याला मोल आहे. पण चित्रात ती जेवढी दिसते तेवढीच १८ वर हवी असेल, तर तुम्हाला दोन मीटरच्याही आत जावं लागेल. तिथे ती तुम्हाला पाहील. कदाचित हसेल, ‘माऊली’ म्हणेल. कदाचित पदर पुढे ओढून मान वळवेल. दोन्ही फोटोंत ती सारख्याच आकाराची, पण एकात तिच्या मागे पताकांचा दाट पडदा असेल, दुसऱ्यात अख्खा घाट.

तो पडदा लेन्सने दाटला असं आपण म्हणतो. खरं तर तुमच्या लांब उभं राहण्याने तो दाटला. त्याच जागेवरून १८ वर घेतलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून पाहा. खरखरीत दिसेल, पण माणसांची एकमेकांशी मांडणी तंतोतंत तीच निघेल. ती मांडणी बदलते पायांनी.

म्हणून आता रिंग ३५ वर ठेवा आणि तिच्यावरचा हात काढा. रथ जवळ आला आहे. घाटाच्या चढाला जादा बैलजोड्या जुंपल्या आहेत. दिंडीच्या कडेने, तिच्याच चालीने थोडं चाला. टाळांच्या ठेक्यात पाऊल पडू दे. मोठं दिसावंसं वाटलं तर एक पाऊल पुढे, सगळं हवंसं वाटलं तर दोन मागे.

रात्री फोटो चाळाल तेव्हा प्रत्येकाच्या तपशिलात फोकल लेंथ लिहिलेली सापडेल. २०० वाले आधी उघडा. पुढे जायला वाट असूनही तुम्ही जागेवरून हलला नाहीत, ते एका फोल्डरमध्ये ठेवा. कठडा, गर्दी किंवा तिची तंद्री आड आली म्हणून लांबून घेतलेले दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. कोणता फोटो कुठे जातो, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल.