पत्रिकेएवढी फट

मुळशी धरणाच्या काठी एका गावात आबा सुतारांचं घर आहे. सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभा केला, तरी धरण व्हायचं ते झालंच. आता ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करतं. सुताराचं मूळ घर त्याच पाण्याखाली. आबांनी ते पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, तेही सुतारच म्हणून मापांसकट.

गणपतीच्या आराशीत तेच घर छोटं करून मांडायचं नातवाने ठरवलं. माप धरलं फुटाला चार सूत. म्हणजे अडीच फुटी दार सव्वा इंचाचं. साग आबांनी हाताला लागूच दिला नाही, एवढ्याशा दारावर त्याच्या रेघा नांगरटीसारख्या दिसतात. त्यांनी हेदीचे तुकडे काढून दिले. या लाकडाच्या पूर्वी फण्या करत, इतकं त्याचं पोत बारीक.

दाराला बिजागरी नाही. फळीलाच वर-खाली सूतभर खुंट, ते चौकटीच्या नि उंबऱ्याच्या खळग्यात फिरतात. जुन्या घरांत तसंच असे. वैशाखात पोराने दार असं बसवलं की केस शिरणार नाही.

"फट ठेव रं. पावसाळा यायचाय."

"एवढ्याशा दाराला काय होतंय, आबा?"

ताम्हिणीचा पाऊस या भागात कुणाला सांगायला नको. आषाढात दार गच्च अडकलं. भिंतीची फळी चारही कडांनी फेव्हिकॉलने चिकटवलेली. फुगायला वाट मिळेना, तिने पोट काढलं.

"लाकूड ल्हान केलं म्हून त्याचा सोभाव ल्हान व्हत न्हाई," आबा म्हणाले. "पातळ फळी उलट ओल लवकर धरती. लांबीला न्हाई, रुंदीला फुगती. खाचेत नुस्ती बसव. आन् दाराच्या फटीत लग्नाची पत्रिका फिरली पायजे."

पण दुरुस्ती राहिली. पोरगं बारावीला. वडील हिंजवडीच्या कंपनीत. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता. पहाटे क्लास, मग कॉलेज, रात्री अभ्यास, रविवारी टेस्ट. जेवायलासुद्धा वीस मिनिटं आखलेली. पोरगं अलीकडे घरात कुणाशी धड बोलत नव्हतं. श्रावणात एके दिवशी पटाशी आणि करवत माळ्यावर गेली.

त्या रात्री आबांनी ते घर लेकापुढे ठेवलं. "दार उघड."

लेकाने नखाने ओढलं. हलेना. "काम मात्र चोख आहे हं, कुठे फट नाही." मग त्याने जोर लावला, तसा खुंट कटकन मोडला.

"तुझाच पोरगा," आबा म्हणाले. "त्यानं पन कुठं फट ठिवली न्हाई."

लेक मोडकं दार हातात घेऊन बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मग पेन घेऊन त्याने रविवारचा रकाना खोडला आणि माळ्याला शिडी लावली. टेस्ट मात्र शनिवारी ढकलली. शेवटी बापच तो.